विमा नसलेल्या वाहनाचा अपघात व भरपाई
मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 146 नुसार त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे. पण तो नसला म्हणून जखमीचा किंवा मृताच्या वारसांचा हक्क बुडत नाही. कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो; बोजा चालक-मालकावर पडतो. खरी अडचण निवाड्यानंतरची, वसुलीची. रक्कम थकल्यास कलम 174 अन्वये जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात. मालकाने पुरेसे तारण न दिल्यास वाहन सोडू नये, लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात भरावेत, असे नियम करण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यांना सांगितले. जुन्या दुचाकीच्या लिलावातून दवाखान्याचे बिलही निघणे कठीणच. विम्याविना वाहन चालवल्याच्या पहिल्या गुन्ह्यास दंड 2,000 रुपये, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.