गंजाचा काळा

भंगारवाल्याची हाक आली की घरातलं मोडकं-तोडकं बाहेर काढायचं, ही माझी तीस वर्षांची सवय. आता सून खाली जाते आणि त्याच्याच गाडीवरून वस्तू वर घेऊन येते. सायकलची साखळी, कडी-कोयंडे, बैलाचा नाल, मूठभर गंजलेले खिळे. भंगारवाला माझ्याकडे बघून हसतो. मी काय बोलणार!

सून रंगकाम करते. पांढरं सुती कापड व्हिनेगरच्या पाण्यात भिजवायचं, गंजलेल्या लोखंडावर गुंडाळून सुतळीने करकचून बांधायचं आणि प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवायचं. सकाळी सोडलं की साखळीच्या कड्या, खिळ्यांची डोकी, नालाची कमान, सगळं कापडावर तांबूस-केशरी उमटलेलं असतं. तेच कापड चहाच्या कडक पाण्यात बुडवलं की केशरी रंग पाटीसारखा काळपट होतो. सुंदर दिसतं, खोटं कशाला बोलू? पानं ठोकून छापायचा दुसरा प्रकारही तिला येतो. पण आठम-चौदसला हिरवं पान तोडायचं नाही हा आमच्या घरचा नियम, त्यामुळे त्या दिवशी लोखंडच चालतं.

चार वर्षांपूर्वी मी उत्साहात सासूबाईंची एक पांढरी सुती साडी तिला दिली. सासरे गेल्यावर सासूबाई तसल्याच साड्या नेसायच्या. त्या गेल्यानंतर त्यातली ही एकच मी ठेवली होती. कपाटात नुसती पडून राहण्यापेक्षा अंगावर तरी येईल, असं वाटलं. सुनेने पदरभर साखळीची नक्षी केली. महावीर जयंतीला मी ती नेसले, चार जणींनी कुठून घेतली म्हणून विचारलं. दोन पावसाळे गेले. नंतर घडी मोडली तर जिथे-जिथे गंजाचा डाग, तिथे-तिथे कापड पापडासारखं तुटायला लागलं होतं. बाकी साडी शाबूत, फक्त नक्षी गळून पडत होती. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला बोलले नाही, पण दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

मी मूळची खानदेशातली, लग्न होऊन सरदारपूरला आले. इथे राहून एक गोष्ट माहीत झालेली असते, ती म्हणजे कापडावर लोखंडाचा काळा पाहायचा तर बाघला जायचं. आपल्याच धार जिल्ह्यातलं गाव. राजगढ, मग टांडा आणि घाट उतरून बाघ. बौद्ध लेण्यांमुळे लोकांना ठाऊक असतं, मला मात्र ते ठाऊक झालं लग्नात मिळालेल्या चादरीमुळे. पांढऱ्यावर लाल आणि काळी बुट्टी. चादर पंचवीस वर्षं वापरली. विरली ती मधोमध, पाठीखाली. बुट्टीतून कधी फाटली नाही. तोही गंजाचाच काळा, मग तो का नाही खात कापड? साडीचा तुकडा पिशवीत घालून मी आणि सून बाघला गेलो.

तिथे छपाई करतात ती खत्री मंडळी. सिंधमधून मारवाड, तिथून मनावर आणि मग बाघ, असा आपल्या पूर्वजांचा प्रवास ते सांगतात. बाघला थांबले ते बाघिनी नदीच्या पाण्यासाठी. पूर्वी गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या भिल्ल-भिलाला बायका, त्यांचे घागरे आणि लुगडी. गिरणीचं नि सिंथेटिक कापड आलं तसं हे गिऱ्हाईक सुटत गेलं. 1960 नंतरच्या त्या पडत्या काळात इस्माईल सुलेमानजी खत्री यांनी हे काम सोडलं नाही. तेच ठसे त्यांनी चादरी, साड्या, ओढण्यांवर आणले. आज आपण दुकानात ‘बाघ प्रिंट’ म्हणून मागतो ते त्यामुळे.

एका म्हाताऱ्या छिप्याने आमचा तुकडा हातात घेतला, बोटाने दाबला, तो फाटला. धुतला किती वेळा, एवढंच त्याने विचारलं. सुनेने सांगितलं, नळाखाली एकदा. तो हसला नाही, आम्हाला घेऊन अंगणात गेला.

त्याच्याकडचं काम छपाईपासून सुरूच होत नाही. कोरं कापड आधी एरंडेल, खारी माती आणि बकरीच्या लेंड्या कालवलेल्या पाण्यात पायांनी तुडवतात, वाळवतात, पुन्हा भिजवतात. (सुनेने नाक धरलं. मला माहेरच्या शेणसड्याची आठवण आली.) मग हिरड्याचं पाणी. कापड पिवळट होतं. त्यावर सागाच्या-शिसवीच्या ठशांनी दोन लेप छापतात. एक तुरटीचा, दुसरा लोखंडाचा. पूर्वी गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवत, आता बहुतेक ठिकाणी तयार हिराकस. लेप पसरू नये म्हणून चिंचोक्याची खळ. हिरड्यातला तुरटपणा आणि लोखंड भेटले की काळा होतो. सुनेचं चहाचं पाणी हेच काम करतं, ती मात्र ते मोबाइलवर शिकली.

छापलेलं कापड आठ-दहा दिवस नुसतं पडू देतात. मग नदी. वाहत्या पाण्यात उभं राहून कापड सैल सोडायचं, हलवायचं, आपटायचं. धाग्याला जेवढा लेप धरला तेवढाच राहतो, बाकीचा पाण्याबरोबर जातो. नंतर तांब्याच्या मोठ्या कढईत अलिझरीन आणि धायटीच्या फुलांबरोबर उकळतात. रंग एकच, पण तुरटीच्या जागी लाल उठतो आणि लोखंडाच्या जागी काळा. त्यानंतर परत धुणं आणि उन्हात पसरणं.

आमच्या साडीवर सुटं लोखंड आणि व्हिनेगरचा आंबटपणा तसाच राहिला होता. दमट हवेत ते सूत आतल्या आत जाळत राहिलं. याला काही फक्त आमचाच अडाणीपणा कारणीभूत नाही. जुन्या छिटांच्या कापडांत लाल शाबूत आणि काळ्या रेषांच्या जागी भोकं, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. आपल्या ज्ञानभांडारांतल्या पोथ्यांचं पाहा. लोखंडाची शाई करता येत असूनही कागदावर काजळाचीच वापरायचे, कारण हिराकशीची शाई कागद खाते हे लेखकांना माहीत होतं. म्हणजे लोखंडाचं हे खाणं जुनं आहे. बाघचे लोकही ते ओळखून होते, फक्त त्यांनी लोखंड सोडलं नाही, धुणं वाढवलं.

अलिझरीनबद्दल थोडं सांगते, कारण आपल्या बायका ‘नॅचरल आहे ना?’ विचारून दुकानदाराला हैराण करतात. माळव्यात आणि निमाडात लाल रंगासाठी पूर्वी आल नावाच्या झाडाची शेती होती. तीन-चार वर्षं वाढवायचं, मग खणून मुळांची साल काढायची. 1868 मध्ये ग्रेबे आणि लिबरमन या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतला लाल रंग, म्हणजे अलिझरीन, डांबरातून निघणाऱ्या पदार्थापासून तयार केला. तो स्वस्त होता आणि मुळं खणावी लागत नव्हती. काही दशकांत आलीची शेती मोडली. आलीवर पोट असणाऱ्या शेतकऱ्यांचं काय झालं असेल, याचा विचार लाल साडी नेसताना कोण करतं? तेव्हा बाघचा लाल हा शंभर टक्के झाडाचा नाही, डांबराचा नातेवाईक आहे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. भंगारातलं लोखंड, लेंड्या, चिंचोके, डांबर, ज्याच्याने रंग टिकतो ते त्यांनी घेतलं. परंपरा म्हणून जे आपण पुजतो ते त्या-त्या काळी असंच कुणीतरी धाडसाने भांड्यात टाकलेलं असतं.

मला काळजी वाटते ती पाण्याची. उन्हाळ्यात नदी बारीक होते. आमच्याकडे पाणी गाळून आणि मोजून वापरायचं असं शिकवलं जातं, आणि इथे सगळं कामच पाणी ओतण्यावर. त्या म्हाताऱ्याला मी हे विचारलं. पाणी कमी केलं तर चादर तुमच्या पदरासारखी होईल, असं तो म्हणाला. मी गप्प बसले.

परत आल्यावर सुनेने उरलेली साडी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवली. सात वेळा धुतली. पदराचा अर्धा भाग गेला तो गेलाच. ज्या भागावर नक्षी नव्हती त्याचे तिने मुहपत्तीएवढे चौकोन कापले, कडा शिवल्या. रविवारच्या सामायिकाला त्यातला एक मी नेते.

गच्चीवर सध्या एक माठ झाकून ठेवलाय. आत भंगारवाल्याकडचे खिळे आणि गुळाचं पाणी. बाराव्या दिवशी शेजारीण विचारायला आली, तुमच्याकडे काही मेलंय का? सुनेने तिला वर नेऊन माठ दाखवला. आता तिच्याही गच्चीवर एक माठ आहे.