दान कुणाचं, जमीन कुणाची?

जोहरान ममदानी नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले, तेव्हा आपल्याकडे जास्त चर्चा झाली ती त्यांच्या आईची, मीरा नायर यांच्या सिनेमांची. पण २०२३ मध्ये, राज्याच्या विधिमंडळात असताना, त्यांनी एक विधेयक मांडलं होतं. नाव होतं 'नॉट ऑन अवर डाइम'. आपल्या भाषेत, 'आमच्या खिशातून नको'. न्यूयॉर्कमध्ये नोंदलेल्या धर्मादाय संस्थांनी पॅलेस्टिनी भूभागातल्या इस्रायली वसाहतींना पैसा पुरवू नये, पुरवला तर कारवाई व्हावी, असा त्याचा गाभा. विधेयक पुढे सरकलं नाही. ममदानींच्याच पक्षातल्या अनेक आमदारांनी त्याला कडाडून विरोध केला.

आता तुम्ही म्हणाल, न्यूयॉर्कच्या भांडणाशी रत्नागिरीचा काय संबंध? संबंध आहे. खोत आणि कुळाचा आहे, कोकणातून तिकडे गेलेल्या मराठी माणसांचा आहे आणि आपल्या गावोगावच्या ट्रस्टांचाही आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रशियात ज्यूंवर हल्ले सुरू झाले. लोक जीव मुठीत धरून पळाले. त्यातले काही तेव्हाच्या तुर्की सत्तेखालच्या पॅलेस्टाइनमध्ये शेती करायला पोचले. शेतीचा अनुभव नाही, हवा मानवत नाही, पैसा संपलेला. १८८२ पासून त्यांच्या मदतीला आले पॅरिसचे बॅरन एडमंड द रॉथशिल्ड, युरोपातल्या सर्वांत श्रीमंत सावकारी घराण्यातले. रिशोन लेझियोन, झिखरोन याकोव, रोश पिना ही गावं त्यांच्या पैशावर तगली. झिखरोन याकोव हे नावच बॅरनच्या वडिलांच्या स्मरणार्थ आहे. म्हणजे आपल्याकडे सभागृहावर वडिलांच्या नावाची पाटी लावतात, तसं तिथे अख्खं गाव.

पण पैसा आला तसे बॅरनचे कारभारीही आले. कुठे द्राक्षं लावायची, कुणाला किती पैसे मिळायचे, हे तेच ठरवत. १८८७ मध्ये रिशोन लेझियोनच्या शेतकऱ्यांनी या कारभाऱ्यांविरुद्ध बंड केलं. ज्यांच्यासाठी दान आलं, त्यांनाच त्या दानाचा जाच झाला. हा धागा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

१८९१ मध्ये बॅरन मॉरिस द हर्श यांनी ज्यूंच्या वसाहतींसाठी एक स्वतंत्र संस्थाच काढली. तिने अर्जेंटिनात मोठाल्या जमिनी घेऊन तिथे गावं वसवली. म्हणजे एका देशातला धनिक, दुसऱ्या देशातले निर्वासित आणि तिसऱ्या देशातली जमीन. खासगी दानातून परदेशात वस्ती उभी करण्याचा हा साचा तेव्हाच तयार झाला होता. १९०१ मध्ये बासेलच्या झायनवादी परिषदेत ज्यू राष्ट्रीय निधी स्थापन झाला, आणि श्रीमंतांबरोबर सामान्य माणसाचा पैसाही या कामाला लागला. घरोघरी निळे डबे ठेवलेले, त्यात लोक चार पैसे टाकत. देणाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. ज्याला कुठेच थारा नाही अशा माणसाला हक्काची जमीन मिळावी, एवढीच भावना.

प्रश्न होता त्या जमिनीवर आधीपासून कोण आहे याचा.

इथे कोकणातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पॅलेस्टाइनच्या उत्तरेला इझ्रील नावाचं सुपीक खोरं आहे. अरब लोक त्याला मर्ज इब्न आमेर म्हणतात. तिथली बरीचशी जमीन कागदावर बैरूतच्या सुरसूक या धनाढ्य कुटुंबाची. मालक बैरूतला, राबणारं कूळ खोऱ्यात. १९२० च्या दशकात सुरसूकांनी या जमिनी ज्यू संस्थांना विकल्या. व्यवहार कायदेशीर, पैसे पूर्ण चुकते. काही कुळांना नुकसानभरपाईही मिळाली. पण पिढ्यान् पिढ्या नांगर धरणाऱ्यांना गाव सोडावं लागलं. निधीच्या जमिनी पुन्हा कधी विकायच्या नाहीत आणि त्यावर ज्यू मजुरांनीच काम करायचं, असा दंडक होता. त्यामुळे कुळाला मजूर म्हणूनही परत येता येईना. १९३० मध्ये ब्रिटिश सरकारच्याच होप सिम्पसन अहवालाने या अटींवर बोट ठेवलं.

याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं ते आठवा. खोत मुंबईत, कूळ शेतात. अर्धेल, तिर्धेल भरून घरात दाणा उरत नाही, आणि नावावर वीतभर जमीन नाही. १९३३ मध्ये अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप केला, तो १९३९ पर्यंत चालला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक आणलं. खोती कायद्याने गेली ती १९४९ नंतर. आपल्या कुळाने निदान लढून, कायदा करून घेऊन कागदावर नाव चढवलं. मर्ज इब्न आमेरच्या कुळाला ती संधी मिळाली नाही, कारण नवा मालक खोत नव्हता, धर्मादाय संस्था होती. खोताच्या दारात जाऊन बसता येतं. हजारो मैलांवरच्या निळ्या डब्याच्या दारात कसं बसणार?

आता आपली माणसं.

चरीपासून फार लांब नाही असं नवगाव. गलबत फुटून आपले पूर्वज इथल्या किनाऱ्याला लागले, असं बेने इस्रायल समाज परंपरेने सांगतो. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिलं 'शनिवार तेली'. रोहेकर, पेणकर, दिवेकर, केहिमकर ही आडनावं ऐकून कोण म्हणेल हे ज्यू आहेत? बोली मराठी, पोशाख मराठी. त्यांच्यावर इथे कधी कुणी हात उचलला नाही. तरी १९४८ नंतर त्यांतले बहुतेक जण हळूहळू इस्रायलला गेले. त्यांना नेण्याचं आणि वसवण्याचं काम करणारी ज्यू एजन्सी जगभरच्या ज्यूंच्या देणग्यांवर चालत होती.

देणगीदाराच्या मनात असलेली 'घरवापसी' आणि प्रत्यक्षात मिळालेलं घर यात अंतर होतं. वस्ती कुठे करायची हे एजन्सी ठरवी. मुंबईत कारकुनी केलेली माणसं बीरशेबा, दिमोना, येरुहाम अशा वाळवंटी गावांत पोचली. काम मिळेना, रंगावरून टोमणे मात्र मिळत. १९५१ च्या अखेरीस बेने इस्रायलच्या एका गटाने एजन्सीविरुद्ध धरणं धरलं. मागणी एकच, आम्हाला भारतात परत पाठवा. १९५२ मध्ये शंभराहून अधिक जणांना खरंच मुंबईला परत आणलं गेलं. पुढे त्यातले बरेच जण पुन्हा तिकडे गेले. त्यानंतर तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नसंबंधांवर शंका काढली, तेव्हा पुन्हा आंदोलन. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायली संसदेने ठराव करून त्यांना सर्व बाबतींत ज्यू मानलं, तेव्हा कुठे ते प्रकरण मिटलं. रिशोन लेझियोनच्या शेतकऱ्यांचा धागा तो हाच.

यातली बरीच मराठी कुटुंबं लोद शहरात स्थिरावली. जुलै १९४८ च्या युद्धात लोद आणि शेजारच्या रामले इथून ५० हजारांहून जास्त अरब रहिवाशांना बाहेर काढलं गेलं होतं, आणि बाहेरून आलेले ज्यू निर्वासित त्या शहरात वसवले गेले. कोकणातून गेलेल्या माणसाने कुणाला घराबाहेर काढलं नव्हतं. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. पण दोन्ही गोष्टी एकाच शहरात, एकाच दशकात घडल्या.

१९६७ च्या युद्धानंतर चित्र बदललं. वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेम इस्रायलच्या ताब्यात आलं आणि तिथे वसाहती उभ्या राहू लागल्या. आज वेस्ट बँकेत सुमारे ५ लाख आणि पूर्व जेरुसलेममध्ये २ लाखांहून अधिक ज्यू रहिवासी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये या वसाहती बेकायदा ठरवल्या, जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही तसंच मत दिलं. इस्रायल सरकारला हे मान्य नाही. हा भूभाग व्याप्त नाही, वादग्रस्त आहे आणि आमचं इथलं नातं हजारो वर्षांचं आहे, अशी त्यांची भूमिका.

या वसाहतींना सरकारी पैसा मिळतोच. पण काही नाजूक जागी सरकारच्याही पुढे खासगी दान जातं. उदाहरण बघा. अर्व्हिंग मॉस्कोविट्झ, अमेरिकन डॉक्टर, रुग्णालयांच्या धंद्यात श्रीमंत झालेले. कॅलिफोर्नियात हवायन गार्डन्स नावाचं छोटं, गरीब गाव आहे. तिथला बिंगोचा अड्डा त्यांच्या धर्मादाय फाउंडेशनकडे होता. हौझी म्हणा ना, आकडे लागले की ओरडायचं, तोच खेळ. कॅलिफोर्नियात बिंगो चालवायचा तर धर्मादाय कामासाठीच चालवता येतो. फाउंडेशन त्या गावात भुकेल्यांना अन्नही वाटत असे. पण त्याचा मोठा पैसा गेला पूर्व जेरुसलेमच्या अरब वस्त्यांत ज्यू घरं उभी करण्याकडे. १९९७ मध्ये रास अल-अमूद वस्तीत मॉस्कोविट्झ यांच्या मालकीच्या इमारतीत ज्यू कुटुंबं राहायला गेली, तेव्हा इस्रायली सरकारसुद्धा अडचणीत आलं. त्यांनीच घेतलेलं शेफर्ड हॉटेल जानेवारी २०११ मध्ये पाडलं गेलं, ते ज्यू घरांसाठी. अमेरिकन सरकारने त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली.

आता यातली गंमत बघा. ज्या सरकारने नाराजी व्यक्त केली, त्याच सरकारने या फाउंडेशनला करमाफी दिलेली. सरळ हिशेब करू. ३५ टक्के कर भरणाऱ्या अमेरिकन माणसाने अशा संस्थेला १०० डॉलर दिले, तर त्याचे ३५ डॉलर कर वाचतो. म्हणजे ६५ डॉलर त्याचे आणि ३५ सरकारी तिजोरीचे. न्यूयॉर्क टाइम्सने २०१० मध्ये मोजलं, तेव्हा किमान ४० अमेरिकन संस्थांनी आधीच्या दशकात वसाहतींसाठी २० कोटी डॉलरहून अधिक करमुक्त देणग्या गोळा केल्या होत्या. इस्रायलच्याच हारेट्झ दैनिकाने २०१५ मध्ये शोध घेतला, तर २००९ ते २०१३ या पाच वर्षांत सुमारे २२ कोटी डॉलर. ममदानींच्या विधेयकाच्या नावातला 'आमचा खिसा' तो हा.

धर्मादाय पैशाकडे सरकार कधी बघतच नाही, असंही नाही. टेक्ससमधली होली लँड फाउंडेशन ही मुस्लिम संस्था अमेरिकेने २००१ मध्ये बंद केली, आणि २००८ मध्ये तिच्या चालकांना हमासला पैसा पुरवल्याबद्दल दोषी ठरवलं गेलं. कॅनडाने ऑगस्ट २०२४ मध्ये ज्यू राष्ट्रीय निधीच्या तिथल्या शाखेचा धर्मादाय दर्जा काढून घेतला. कुठे बघायचं आणि कुठे डोळेझाक करायची, हे राजकारण ठरवतं.

आणि या खेळात भारतातली माणसंही आहेत. मणिपूर-मिझोरममधला बेनेई मेनाशे समाज स्वतःला ज्यूंच्या हरवलेल्या टोळीचा वंशज मानतो. १९९० च्या दशकात खासगी संस्थांनी त्यांना तिकडे नेलं. सुरुवातीच्या बऱ्याच जणांची सोय झाली ती हेब्रॉनजवळच्या किर्यात अरबात आणि गाझातल्या वसाहतींत, म्हणजे जिथे राहायला इतर इस्रायली सहसा तयार नव्हते तिथे. २००५ मध्ये इस्रायलने गाझातल्या वसाहती उठवल्या, तेव्हा या लोकांचीही घरं गेली. बेने इस्रायलच्या वाट्याला वाळवंट आलं, यांच्या वाट्याला सरहद्द.

आपल्या देशात कायदा काय म्हणतो? आयकर कायद्यात ट्रस्टचा पैसा भारताबाहेर खर्च झाला, तर सहसा करमाफी नाही. १ एप्रिल १९५२ पूर्वीच्या ट्रस्टांना थोडी सवलत. बाकीच्यांनी भारताला स्वारस्य असलेल्या आंतरराष्ट्रीय कल्याणाच्या कामासाठी मंजुरी आणायची. बाहेरून येणाऱ्या पैशावर एफसीआरएचा पहारा. केप टाऊनमध्ये स्थायिक झालेल्या, दक्षिण आफ्रिकेचा पासपोर्ट असलेल्या कोकणी माणसाने गावच्या शाळेच्या ट्रस्टला देणगी द्यायची म्हटली, तर ट्रस्टला एफसीआरएची परवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात यायला हवा. गावच्या मास्तरांना हे जाचक वाटतं आणि बऱ्याचदा ते आहेही. पण करमाफी म्हणजे सार्वजनिक पैसा, आणि तो कुठे जातो हे विचारण्याचा हक्क जनतेला आहे, हे तत्त्व चुकीचं नाही.

रत्नागिरीकरांना याची दुसरी बाजूही माहीत आहे. पतितपावन मंदिर १९३१ मध्ये उभं राहिलं ते भागोजीशेठ कीरांच्या खासगी पैशातून. तेही वादग्रस्त बांधकामच होतं, सनातन्यांचा विरोध होता. पण त्या मंदिराने कुणाला घराबाहेर काढलं नाही. ज्यांना आत मज्जाव होता, त्यांना आत घेतलं. आणि देणारा इथलाच होता. विरोध करणारे त्याच्या ओळखीचे, बोलणी खायची ती त्यानेच.

मॉस्कोविट्झ यांना रास अल-अमूदमधल्या शेजाऱ्याला तोंड द्यावं लागलं नाही. बॅरनला मर्ज इब्न आमेरचं कूळ कधी दिसलं नसेल. दान लांबून आलं की आधी राहत होता त्याला कुणी विचारत नाही, आणि नवा आणून बसवलाय त्यालाही विचारत नाही.

म्हणून कुठल्याही ट्रस्टची पावती फाडताना, तो जेरुसलेमचा असो नाहीतर आपल्या तालुक्यातला, दोन प्रश्न विचारा. काम कुणाच्या जमिनीवर होतंय? आणि त्या जमिनीवर राबणाऱ्याला विचारलंय का? सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे एवढं बघून भागत नाही, हे कोकणाने खोतीच्या काळात शिकून घेतलं आहे.

मतभेद असतील तर जरूर लिहा. फक्त ज्यू विरुद्ध मुसलमान असा आखाडा कमेंटमध्ये नको. विषय पैशाचा आणि जमिनीचा आहे.