खारबंदिस्ती : समुद्राला अडवणारा मातीचा बांध

रायगड जिल्ह्यातील अलिबाग आणि पेण तालुक्यांच्या खारेपाटात भातशेती टिकून आहे ती मातीच्या बांधांच्या भरवशावर. खाडीकाठच्या खाजणाला बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे आणि आतील जमीन लागवडीखाली आणायची, या पद्धतीला खारबंदिस्ती म्हणतात. समुद्राची पातळी वाढू लागल्याने कोकणातील या जुन्या व्यवस्थेची आता खरी कसोटी लागणार आहे.

बांध आणि उघाडी

बांधाच्या तळाशी पाणी बाहेर जाण्यासाठी झडपेची मोरी असते. तिला उघाडी म्हणतात. ओहोटीच्या वेळी झडप उघडून शेतातील पावसाचे पाणी खाडीत जाते, भरतीच्या दाबाने ती मिटते. ही सारी यंत्रणा ओहोटीवर अवलंबून आहे. खाडीची पातळी उंचावली, की झडप उघडी राहण्याचा काळ घटतो आणि पावसाचे पाणी शेतातच तुंबते. म्हणजे बांध शाबूत असूनही पीक कुजू शकते. उधाणात बांधाला खांड गेल्यास खारे पाणी आत शिरते आणि मुरलेले मीठ धुऊन निघेपर्यंत जमीन नापीक राहते.

आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीच्या 2021च्या अहवालानुसार, 1901 ते 2018 या काळात जगातील समुद्रांची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली. 2006 ते 2018 दरम्यान वाढीचा वेग वर्षाला 3.7 मिलिमीटर होता.

जबाबदारी कोणाची?

पूर्वी बांधांची निगा गावकरी सामूहिक श्रमाने राखत. पुढे 1979च्या खारभूमी विकास कायद्याने शासकीय योजनांतील बांधांची जबाबदारी सरकारकडे आली. डागडुजी रखडली, तर खांडीतून आलेल्या पाण्याबरोबर कांदळवनही शेतात रुजते. कांदळवन तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने 2018च्या निकालाने राज्यभर मनाई केली आहे. त्यामुळे एकदा कांदळवन वाढलेली जमीन पुन्हा कसणे शेतकऱ्याला अवघड होते. दुसरीकडे, बांधाबाहेरचे हेच कांदळवन लाटांचा जोर मोडून बांधाचे रक्षण करते.

बंदरांपुढील प्रश्न

बंदरांना पाण्याइतकाच वाऱ्याचाही धोका आहे. 5 ऑगस्ट 2020 रोजी वादळी वाऱ्याने न्हावा-शेवा येथील जेएनपीटी बंदरातील तीन अजस्र क्रेन कोसळल्या. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी, 3 जूनला, निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील नारळ-सुपारीच्या बागा उद्ध्वस्त केल्या होत्या. धक्क्यांची उंची, क्रेन जखडण्याची सोय आणि सांडपाण्याचा निचरा यांचा फेरविचार बंदरांना करावा लागणार आहे.

उपाय

बांधांची उंची वाढवणे, उघाड्यांची संख्या वाढवणे आणि बाहेरचा कांदळवनाचा पट्टा राखणे, हे उपाय एकत्र केले तरच परिणामकारक ठरतात. क्षार सहन करणारे भाताचे वाण पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने विकसित केले आहेत. मात्र वाण कितीही चिवट असला, तरी दररोज भरती शिरणाऱ्या शेतात तोही तग धरू शकत नाही. म्हणूनच पावसाळ्यापूर्वी बांधाची वेळेवर दुरुस्ती हाच खारेपाटाचा सर्वांत स्वस्त विमा आहे.