मेन्यूतला दुसरा पर्याय: जुना कर्नल आणि नवी टूल्स

भागात बोललो तेच इथे थोडं आवरून-सावरून लिहिलंय.

लिनक्सचं मशीन चालू केलं की ग्रबच्या मेन्यूत वर नवा कर्नल असतो आणि खाली एखादा जुना. हा जुना म्हणजे सुटकेचा दोर. अपडेटनंतर नवा उठलाच नाही, तर जुन्यावर बूट करायचं आणि दुरुस्ती करायची. पण डिस्कवरची बाकीची टूल्स, म्हणजे मॉड्यूल लोड करणारी, डिव्हाइस ओळखणारी, सर्व्हिसेस सुरू करणारी, तोवर नवी झालेली असतात. त्यांना जुन्या कर्नलशी बोलता आलं, तरच हा दोर उपयोगाचा. आज याच गोष्टीचा इतिहास.

लिनस टोरवाल्ड्सचा नियम आपल्याला पाठ असतो: कर्नलने युजरस्पेस मोडायचं नाही. म्हणजे नव्या कर्नलवर जुना प्रोग्राम चालला पाहिजे. पण नीट बघा, उलट दिशेचं वचन यात कुणीच दिलेलं नाही. नवा प्रोग्राम जुन्या कर्नलवर चालवायचा की नाही, हे तो प्रोग्राम लिहिणारा ठरवतो. आणि बूटची टूल्स कर्नलला इतकी चिकटलेली असतात, की त्यांच्या बाबतीत कधी कधी दोन्ही दिशा मोडतात.

पहिला प्रसंग नोव्हेंबर २००२ चा. २.५.४८ या आवृत्तीत रस्टी रसेलने मॉड्यूल लोडर पार बदलला. आधी मॉड्यूलची जुळवाजुळव 'इन्समॉड' बाहेरून करायचा, ती आता कर्नलच्या आत गेली. झालं! जुनं 'मॉडयुटिल्स' नव्या कर्नलवर निकामी आणि नवं 'मॉड्यूल-इनिट-टूल्स' २.४ वर निकामी. मग २.४ आणि २.६ अशी ये-जा करायची कशी?

उत्तर साधं होतं. जुन्या प्रोग्रामचं नाव बदलून 'इन्समॉड डॉट ओल्ड' करायचं आणि ठेवून द्यायचं. नवा सुरू झाला की तो 'क्वेरी मॉड्यूल' हा जुना सिस्टम कॉल करून बघणार. "असा कॉलच नाही" असं उत्तर आलं, तर कर्नल नवा. नाहीतर काम गुपचूप जुन्याच्या हाती सोपवायचं. कर्नलला त्याचं वय विचारायचं नाही, तुला काय येतं ते विचारायचं. मला हा विचार फार आवडतो.

आमच्या खारीतून भाईंदर स्टेशन गाठणाऱ्याला हे लगेच कळेल. चर्चगेट–विरार मार्ग १,५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीवर जायला काही वर्षं लागली. ते काम २०१२ मध्ये संपलं. मधल्या काळात दोन्हींवर धावणाऱ्या गाड्या होत्या, म्हणून लोकल चालू राहिली. एका रात्रीत सगळी तार आणि सगळ्या गाड्या बदलणं कुणालाच शक्य नव्हतं.

दुसरा प्रसंग एप्रिल २००७ चा, डेबियन 'एच' आलं तेव्हाचा. आधीच्या 'सार्ज'मध्ये २.६.८ कर्नल होता. एचमधलं 'यूडेव' २.६.१५ च्या आधीचे कर्नल चालवून घेत नव्हतं आणि सार्जमधलं यूडेव नव्या कर्नलवर नीट चालत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! रिलीज नोट्समध्ये हे स्पष्ट लिहिलं होतं: अपग्रेडनंतर जुना कर्नल बहुधा बूट होणार नाही, आणि यूडेव नवं झालंय पण कर्नल अजून जुनाच आहे, अशा मधल्या वेळेत रीबूट झालं तर मशीन उठेलच असं नाही. म्हणजे नेमकी तेव्हाच वीज गेली तर? आणि सर्व्हर दुसऱ्या शहरात असेल तर?

तिसरा प्रसंग २०१७ चा. 'जीलिबसी' २.२६ ने किमान कर्नल ३.२ केला. रेड हॅट ६ चा कर्नल होता २.६.३२, आणि त्याचा सपोर्ट नोव्हेंबर २०२० पर्यंत चालू होता. कंटेनरवाल्या स्वस्त व्हीपीएसवर कर्नल होस्टिंगवाल्याचा असतो, गिऱ्हाईकाला तो बदलता येत नाही. आत नवं डिस्ट्रो टाकलं की एकच ओळ यायची: 'फेटल: कर्नल टू ओल्ड'. २०२५ मध्ये 'सिस्टमडी' २५८ ने किमान ५.४ मागितला आणि जुनी सीग्रुप पद्धत काढूनच टाकली.

आता चूक कुणाची? मेंटेनरचं म्हणणं खरं आहे. प्रत्येक जुन्या कर्नलसाठी कोडमध्ये एक वेगळी वाट ठेवावी लागते, आणि ज्या वाटेने कुणी जात नाही ती मोडली तरी कळत नाही. पण भुर्दंड पडतो तो ज्याच्या हातात कर्नल नाही त्याला. राउटर, जुना फोन, टीव्हीचा बॉक्स: कंपनीने कर्नल एकदा टाकला आणि विषय संपवला.

मला वाटतं, जुन्याला निरोप द्यायला हरकत नाही, पण निरोप आधी सांगून द्यावा. टूलने अपग्रेडच्या आधीच कर्नल तपासावा आणि चालणार नसेल तर तिथेच थांबावं. रीबूटनंतर कळलं तर ते सांगणं नव्हे. आणि आपण काय करायचं? मोठ्या अपग्रेडआधी किमान कर्नलची ओळ वाचायची, मग मेन्यूतल्या जुन्या कर्नलकडे बघायचं. तो त्या आकड्याच्या खाली असेल, तर मेन्यूत नाव दिसतं तेवढंच. पेन ड्राइव्हवर एक लाइव्ह सिस्टम तयार ठेवा.

भेटू पुढच्या भागात.