एका काचनळीचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आठवतात. पण एका काचनळीलाही इतिहास आहे. १८४५ साली लंडनमधील एक व्यापारी हाडांच्या वेदनांनी तळमळत होता. डॉ. विल्यम मॅकिन्टायर यांनी त्याची लघवी तपासली. ती उकळताच गढूळ झाली, नत्राम्ल घालताच निवळली, थंड होताच थिजली. हे आहे तरी काय? रसायनज्ञ डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांनी ते प्रथिन ठरविले. पुढे नावही त्यांचेच लागले. रोगी १ जानेवारी १८४६ रोजी वारला. त्याचा रोग मायलोमा. त्यात मज्जेतील एकाच पेशीचा वंश बेसुमार वाढून एकाच साच्याचे प्रतिपिंड रक्तात सोडतो. लघवीतले प्रथिन त्याचाच तुकडा, हे एडलमन व गॅली यांनी १९६२ साली दाखविले. उत्तराला ११७ वर्षे लागली. बेन्स जोन्सांचे नाव घेताना त्या रोग्याचे ऋणही आपण स्मरावे.