नातवाने राखलेला अध्याय

ज्ञानसाहित्य म्हटले की आपल्यापुढे नीतिसूत्रे आणि ईयोबाचा ग्रंथ उभा राहतो. बेन सिराच्या ग्रंथाकडे आपण सहसा वळत नाही. जेरुसलेममधील या शास्त्र्याने तो इ. स. पूर्व १८० च्या सुमारास हिब्रू भाषेत लिहिला. त्याचा नातू इ. स. पूर्व १३२ मध्ये मिसर देशात आला आणि तेथे त्याने त्याचे ग्रीक भाषांतर केले. प्रस्तावनेत तो वाचकांची क्षमा मागतो. हिब्रूतले सामर्थ्य परभाषेत तसेच्या तसे उतरत नाही, हे तो जाणून आहे. मराठीतून पवित्र शास्त्र वाचणाऱ्या आपणांस ही कबुली जवळची वाटावी.

यहुदी शास्त्र्यांनी हा ग्रंथ आपल्या पवित्र ग्रंथांत घेतला नाही, तरी ताल्मुदात त्याची वचने आली आहेत. प्रॉटेस्टंट बांधवांनी तो बाजूस ठेवला; ट्रेंटच्या महासभेने १५४६ साली पवित्र ग्रंथांच्या सूचीत त्याचे स्थान निश्चित केले. मूळ हिब्रू मात्र कित्येक शतके दृष्टीआड होते. मे १८९६ मध्ये केंब्रिज येथे सॉलोमन शेक्टर या यहुदी विद्वानाने एका जीर्ण पानावर ते ओळखले. ते पान आणले होते ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींनी, आणि त्या होत्या प्रेस्बिटेरियन! आमच्या ग्रंथाची सेवा कोणाकोणाच्या हातून घडली, पाहा. पुढे कैरोतील सभास्थानाच्या कोठीतून आणखी पाने मिळाली. १९६४ साली मसादाच्या किल्ल्यात एका गुंडाळीचे तुकडे सापडले. आज मूळ ग्रंथाचा सुमारे दोन तृतीयांश भाग हाती आहे.

पण चोविसावा अध्याय त्यात नाही, आणि ग्रंथाचे हृदय तर तेथेच आहे. नीतिसूत्रांत प्रज्ञा हमरस्त्यावर उभी राहून हाका मारते. येथे ती परात्पराच्या मुखातून निघते, सर्व राष्ट्रांत विसावा शोधीत फिरते आणि अखेर देवाच्या आज्ञेने याकोबात तंबू ठोकते. एवढ्यावर न थांबता ग्रंथकार तिला मोशेच्या नियमशास्त्राशी एकरूप करतो. अखिल मानवजातीला खुले असलेले शहाणपण आणि एका प्रजेशी केलेला करार यांची सांगड इतक्या स्पष्टपणे त्याआधी कोणी घातली नव्हती, असे आम्हांस वाटते.

हा अध्याय आपल्यापर्यंत पोहोचला तो भाषांतरांतूनच. नातवाच्या ग्रीकचा उपकार असा, की तेथे तंबू ठोकण्यासाठी आलेल्या क्रियापदाचा मूळ धातू योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातही आढळतो. शब्दाने मानवदेह धारण करून आमच्यामध्ये मुक्काम केला, हे सांगताना योहान तोच धातू वापरतो. आपल्या प्रचलित मराठी बायबलात तेथे ‘वस्ती’ आली आहे. तंबू दिसत नाही.