शिंपले, गोड्या पाण्यातील : नदीच्या पोषणचक्रातील कार्य

नदीच्या तळाशी वाळूमिश्रित गाळात अर्धवट रुतून राहणारे द्विपुट मृदुकाय प्राणी. महाराष्ट्रातील नद्यांत लॅमेलिडेन्स व पॅरेसिया या प्रजातींचे शिंपले आढळतात. रोह्याची कुंडलिका आणि पेणची भोगावती यांच्या खालच्या भागात भरतीचे खारे पाणी शिरते. तेथे हे शिंपले तगत नाहीत. वरच्या, गोड्या पाण्याच्या भागात मात्र भिरा वीजगृहातून (१९२७) येणाऱ्या मुळशी धरणाच्या पाण्यामुळे कुंडलिका उन्हाळ्यातही वाहती राहते.

शिंपला कल्ल्यांवाटे पाणी गाळून शैवले, जीवाणू व सेंद्रिय कण खातो. पचलेल्या अन्नातील नायट्रोजन अमोनियाच्या, तर फॉस्फरस फॉस्फेटच्या रूपात पाण्यात परततो आणि शैवलांना पुन्हा मिळतो. न पचलेले व नाकारलेले कण श्लेष्म्यात गुंडाळून तळावर पडतात. त्यांवर कीटकांच्या अळ्या पोसतात. शिंपल्यांच्या हालचालीने गाळ ढवळला जाऊन त्यात ऑक्सिजन पोहोचतो. शिंपले पोषणद्रव्ये नव्याने निर्माण करीत नाहीत. समुद्राकडे वाहून जाणारी द्रव्ये ते काही काळ नदीतच थोपवतात, आणि कोकणातील आखूड, उतारावरच्या नद्यांत या कार्याचे मोल विशेष आहे.

शिंपल्यांच्या डिंभांना काही काळ माशांच्या कल्ल्यांवर वा परांवर परजीवी म्हणून राहावे लागते. त्यामुळे मासे घटले की शिंपलेही घटतात; वाळूउपशाने तर त्यांचा तळच नाहीसा होतो.